सचिनच्या कोऱ्या बॅटमागचा एजंट: मार्क मस्करेन्हास

१९९६ च्या विश्वचषकाच्या जुन्या क्लिप अधूनमधून मोबाइलवर फिरत येतात. पुढच्या वेळी आली की सचिनच्या शॉटकडे नको, त्याच्या बॅटकडे बघा. बॅट कोरी आहे. ना टायरचं नाव, ना बुटाचं, ना कुठल्या पेयाचं. त्या स्पर्धेत सगळ्यात जास्त म्हणजे ५२३ धावा ज्या बॅटमधून निघाल्या, तिच्यावर एका रुपयाचीही जाहिरात नव्हती.

यात गंमत अशी की तेव्हा सचिन भारतातला सगळ्यात महागडा खेळाडू होता. स्पर्धा सुरू होण्याच्या काही महिने आधीच त्याने एका कंपनीशी पाच वर्षांचा करार केला होता आणि त्याचा आकडा वाचून लोकांनी डोक्याला हात लावला होता. करार करणाऱ्या कंपनीचं नाव वर्ल्डटेल आणि तिच्या मालकाचं नाव मार्क मस्करेन्हास. बंगळुरूत जन्मलेला, अमेरिकेत धंदा शिकलेला आणि वयाच्या ४४ व्या वर्षी आपल्या विदर्भात, नागपूरजवळच्या रस्त्यावर अपघातात गेलेला माणूस.

हॉलिवूडमध्ये अशा माणसांवर जाडजूड पुस्तकं निघतात. आपल्याकडे मात्र सचिनची प्रत्येक खेळी तोंडपाठ असलेल्यांनाही मार्क कोण ते चटकन सांगता येत नाही.

एजंट म्हणजे नेमकं कोण?

आपल्याकडे एजंट म्हटलं की आधी आरटीओच्या बाहेरचा माणूस आठवतो, नाहीतर प्लॉट दाखवणारा. कलाकाराचा किंवा खेळाडूचा एजंट हे प्रकरण वेगळं. आपण काम करणाऱ्याच्या बाजूने बसायचं, समोरच्याशी भाव करायचा आणि मिळालेल्या पैशातला ठरलेला वाटा घ्यायचा, हा त्याचा धंदा. हॉलिवूडमध्ये हा वाटा परंपरेने १० टक्के असतो.

या धंद्याचा मोठा पुरुष म्हणजे ल्यू वॉसरमन. सिनेमागृहात लोकांना खुर्च्या दाखवण्याच्या कामापासून त्याने सुरुवात केली आणि एमसीए या एजन्सीचा प्रमुख झाला. १९५० साली आलेल्या 'विंचेस्टर ७३' या सिनेमासाठी त्याने जेम्स स्ट्युअर्टला ठरलेल्या मानधनाऐवजी नफ्यात वाटा मिळवून दिला. सिनेमा चालला आणि स्ट्युअर्टला नेहमीच्या मानधनापेक्षा कितीतरी जास्त मिळालं. तोवर स्टुडिओ नटांना पगारी नोकरासारखं वागवायचे. पुढे हळूहळू पारडं नटांकडे झुकलं, त्यात या एका सौद्याचा मोठा हात मानला जातो.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. जत्रांचा हंगाम आला की नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येतात, भाव होतो आणि फडाला सुपारी दिली जाते. हिंदी सिनेमातही नटनट्यांच्या तारखा सांभाळणारा सेक्रेटरी असायचाच. पण हे दोघेही बाजारात चाललेला भाव घेणारे. बाजार उभाच राहिलेला नसताना भाव ठरवणारा माणूस भारतीय क्रिकेटमध्ये आला तो मार्कच्या रूपाने.

बंगळुरू ते अमेरिका

मार्कचा जन्म १९५७ चा. शिक्षणासाठी तो अमेरिकेत गेला आणि तिथे सीबीएस या मोठ्या टीव्ही कंपनीच्या क्रीडा विभागात कामाला लागला. अमेरिकेत खेळ आणि टीव्ही यांचं लग्न फार आधी लागलेलं होतं. सामना मैदानात होतो, पण पैसा टीव्हीवरून येतो, हे तिथल्या लीग चालवणाऱ्यांना चांगलं कळलेलं. मार्क त्याच शाळेत शिकला. १९८९ साली त्याने कनेक्टिकट राज्यात स्वतःची कंपनी काढली, वर्ल्डटेल. खेळांच्या प्रक्षेपणाचे हक्क घ्यायचे आणि देशोदेशीच्या चॅनेलना विकायचे, हा तिचा मूळ धंदा.

त्याच वर्षी नोव्हेंबरात कराचीत १६ वर्षांच्या एका मुंबईकर पोराने पहिली कसोटी खेळली. दोघांचा एकमेकांशी काही संबंध यायला अजून सहा वर्षं होती.

दूरदर्शन उलट पैसे मागायचं

मार्कने काय ओळखलं ते समजायचं तर त्या वेळचं भारतीय क्रिकेट टीव्हीवर कसं दिसायचं हे माहीत हवं.

तेव्हा सामने दाखवायचे म्हणजे दूरदर्शननेच. आणि सामना दाखवल्याबद्दल दूरदर्शन क्रिकेट मंडळाला पैसे देत नव्हतं, उलट मंडळाकडूनच मागत होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका सामन्यामागे ५ लाख रुपये, अशी ती मागणी होती. आज हे वाचून हसू येईल. पण दुसरं चॅनेलच नसेल तर दुकानदार म्हणेल तो भाव.

कोंडी फुटायला सुरुवात झाली १९९३ च्या हिरो कपपासून. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले. सरकार आणि दूरदर्शन खवळले, यंत्रसामग्री अडवली गेली, प्रकरण कोर्टात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. क्रिकेट संघटनांना आपला सामना कुणाला विकायचा हे ठरवण्याची वाट मोकळी झाली.

भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका यांनी मिळून भरवलेल्या १९९६ च्या विश्वचषकाचे जागतिक प्रक्षेपण हक्क मार्कने १ कोटी डॉलरची बोली लावून घेतले. त्या वेळच्या दराने ३० ते ३५ कोटी रुपये. क्रिकेटच्या विश्वचषकासाठी एवढी रक्कम तोवर कुणी मोजली नव्हती.

आता हे पैसे वसूल कुठून होणार होते? इथे आपल्याकडच्या गावांचा संबंध येतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यातलं अमडापूर घ्या. चिखली-खामगाव रस्त्यावरचं, बल्लाळदेवीचं गाव. नव्वदच्या दशकात अशा गावांत क्रिकेट पोचायचं ते छपरावरच्या अँटेनातून, म्हणजे दूरदर्शनवरून. केबल शहरांत आली होती, पण खेड्यांचा भारत दूरदर्शनच्याच हातात होता. कोर्टात हरलेलं दूरदर्शन बाजारात मात्र तगडं होतं, कारण अमडापुरात सामना दिसला नाही तर साबण, बॅटरी आणि सायकली विकणाऱ्यांनी जाहिरात द्यायची तरी कशाला? मार्कला दूरदर्शनशी भांडूनही चालत नव्हतं आणि त्याच्यापुढे नमूनही चालत नव्हतं. बरीच ओढाताण झाली आणि शेवटी विश्वचषक दूरदर्शनवर दिसला.

म्हणजे हिशेब असा झाला, की मार्क मैदानातला सामना विकत नव्हता. तो अमडापूरच्या ओसरीवर टीव्हीपुढे दाटीवाटीने बसलेली माणसं विकत होता. त्या माणसांना याचा पत्ता नव्हता आणि त्यांना त्यातलं काही मिळणारही नव्हतं. पण या गर्दीला किंमत आहे हे अमेरिकेतून आलेल्या माणसाने आधी ओळखलं, दिल्लीतल्या साहेबांनी नंतर.

धोका मात्र पूर्ण त्याच्या अंगावर होता. स्पर्धेच्या तोंडावर, ३१ जानेवारी १९९६ ला कोलंबोत भीषण बॉम्बस्फोट झाला. ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज या दोन्ही संघांनी तिथे खेळायला नकार दिला आणि त्यांचे श्रीलंकेशी होणारे सामने झालेच नाहीत. हक्क आधीच विकत घेतलेल्याच्या पोटात अशा वेळी काय होत असेल, ते गारपीट बघणाऱ्या बागायतदाराला विचारावं.

उक्ता सौदा

बागेचा विषय निघालाच आहे, तर सचिनचा करार त्यातूनच समजून घेऊ.

विदर्भात संत्र्याचा व्यापारी बाग उक्ती घेतो. फळ अजून झाडावर असतं. व्यापारी बागेतून एक फेरी मारतो, अंदाज बांधतो आणि शेतकऱ्याला एकरकमी आकडा सांगतो. पुढे भाव चढला तर कमाई व्यापाऱ्याची, गारा पडल्या तर रडणंही त्याचंच. शेतकऱ्याला हमी मिळते. त्या हमीच्या बदल्यात तो चढ्या भावातला मोठा हिस्सा सोडतो.

रवी शास्त्रीने सचिन आणि मार्कची ओळख करून दिली. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये करार झाला. पाच वर्षांत सचिनला साधारण ३० कोटी रुपये, असा आकडा तेव्हा छापून आला. वर्षाला ६ कोटी, महिन्याला ५० लाख. सचिन तेव्हा २२ वर्षांचा होता आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्याचं लग्न झालं होतं.

दोन आकडे शेजारी ठेवून बघा. आख्ख्या विश्वचषकाच्या प्रक्षेपणाला मार्कने मोजले ३० ते ३५ कोटी आणि वांद्र्यातल्या साहित्य सहवासात वाढलेल्या एका पोराला पाच वर्षांसाठी कबूल केले जवळपास तेवढेच. लोकांना हा वेडेपणा वाटला. त्याआधी भारतीय क्रिकेटपटू जाहिराती करायचे, नाही असं नाही. कपिल देव करायचा, गावसकर करायचा, सचिन स्वतः १९९० पासून कपिलबरोबर बूस्टच्या जाहिरातीत होता. पण ते एकेक काम यायचं तसं घेतलेलं. खेळाडूची पुढची पाच वर्षं एकदम मोजून त्यांची किंमत लावायची, हे कुणी केलं नव्हतं.

मार्कचं गणित काय होतं? १९९१ नंतर देशाचा बाजार उघडला होता. परदेशी कंपन्या येत होत्या आणि त्यांना मराठी, तमिळ, बंगाली, पंजाबी अशा सगळ्या घरांत ओळखला जाणारा एक चेहरा हवा होता. सिनेमातला नट भाषेने अडतो. मैदानातल्या फटक्याला भाषा लागत नाही. त्यात सचिन तरुण, मध्यमवर्गीय, लफड्यात नसलेला आणि आईवडिलांच्या शब्दातला. मार्कने बाग बघितली होती.

गारा कुठेही पडू शकत होत्या. १९९९ च्या जानेवारीत चेन्नईत पाकिस्तानविरुद्ध सचिनची पाठ धरली, तरी तो १३६ पर्यंत खेळला. तो सामना भारत १२ धावांनी हरला म्हणून देशाच्या लक्षात आहे. उक्ता सौदा केलेल्या माणसाला त्या दिवशी हरण्यापेक्षा पाठीचीच काळजी जास्त वाटली असणार.

बॅट कोरी का राहिली?

आता त्या बॅटकडे परत येऊ.

टीव्हीच्या दृष्टीने बॅट म्हणजे चालतंबोलतं होर्डिंग. फलंदाजाने शतक ठोकून बॅट उंचावली की कॅमेरा तिच्यावरच जातो. १९९६ च्या विश्वचषकाच्या वेळी सचिनच्या बॅटसाठी सिगारेट कंपन्यांच्या मागण्या आल्या होत्या. पैसा त्यांच्याकडे मुबलक होता आणि क्रिकेटवर तो सढळ हाताने खर्चही होत होता. त्या विश्वचषकाचं नावच मुळी विल्स वर्ल्ड कप होतं.

सचिनने नाही म्हटलं. कारण त्याने नंतर अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे. त्याचे वडील रमेश तेंडुलकर, कवी आणि मराठीचे प्राध्यापक. त्यांनी मुलाला बजावलं होतं की लोक तुझं अनुकरण करतील, तेव्हा तंबाखू आणि दारूची जाहिरात कधी करू नकोस. स्पर्धेचं नाव काय असावं हे सचिनच्या हातात नव्हतं. बॅट मात्र त्याची होती.

ही गोष्ट वडिलांचा शब्द पाळल्याची म्हणून नेहमी सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण एजंटच्या खुर्चीत बसून बघितली तर वेगळीच दिसते. हमी देऊन बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर, जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, सगळ्यात जास्त वेळ पडद्यावर दिसणारी जागा महिनाभर रिकामी. एजंटची कमाई हो म्हणण्यावर चालते. खेळाडूचा नकार हा त्याच्या खिशातून जातो.

पण तोच नकार पुढे कामाला आला. स्पर्धेनंतर त्या बॅटवर एमआरएफचं नाव आलं, आणि मग महाराष्ट्रातल्या गल्लीगल्लीत पोरांनी आपल्या साध्या बॅटवर स्केचपेनने ती तीन अक्षरं रेखाटली. टायर कंपनीचं नाव बॅट बनवणारी कंपनी म्हणून एका पिढीच्या डोक्यात बसलं ते कायमचं. १९९८ च्या शारजातल्या त्या दोन शतकांच्या क्लिप बघा, ती अक्षरं तिथे दिसतात.

काय विकायचं नाही हे ज्याच्या बाबतीत ठरलेलं असतं, त्याचं उरलेलं सगळं महाग जातं. २००० साली मॅच फिक्सिंगचं प्रकरण फुटलं. हॅन्सी क्रोनिए गेला, डिसेंबरात अझरुद्दीनवर बंदी आली, क्रिकेटवरचा विश्वास पार तळाला गेला. अशा वेळी कंपन्यांना क्रिकेट तर हवं होतं, पण डाग नको होता. त्या काळात सचिनचं नाव जेवढं वधारलं तेवढं कदाचित नुसत्या धावांनी वधारलं नसतं.

दोन खुर्च्यांवर एकच माणूस

मार्कला नुसता द्रष्टा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याच्या धंद्यात एक अवघड गाठ होती.

त्याच्या कंपनीकडे प्रक्षेपणाचे हक्कही होते आणि त्या प्रक्षेपणातला सगळ्यात मोठा ताराही. म्हणजे नाटकाचा निर्माता तोच आणि नायकाचा एजंटही तोच. नायकाच्या बाजूने भाव करायचा तर समोर बसलेलं कोण असतं? कधीकधी आपणच.

१९९६ चंच उदाहरण घ्या. स्पर्धेचं अधिकृत शीतपेय कोकाकोला होतं. पेप्सीला ते मिळालं नाही, म्हणून त्यांनी अधिकृतपणाचीच टिंगल करणाऱ्या जाहिराती काढल्या आणि त्या इतक्या गाजल्या की लोकांना कोकाकोलाचं काही आठवतच नाही. त्या जाहिरातींत कोण होता? सचिन. स्पर्धेचं प्रक्षेपण वर्ल्डटेलकडे, स्पर्धेचा प्रायोजक एका बाजूला आणि वर्ल्डटेलचाच खेळाडू दुसऱ्या बाजूला. करारात यात चूक काही नव्हतं, पण एक माणूस किती दगडांवर पाय ठेवून उभा होता हे यातून दिसतं.

हॉलिवूडने ही गाठ आधीच बघितली होती. वॉसरमनची एमसीए नटांची एजन्सी होती आणि शिवाय टीव्ही मालिकाही बनवायची. कलाकारांच्या संघटनेचे नियम असं करू देत नसत, पण १९५२ साली संघटनेने एमसीएला खास सवलत दिली. तेव्हा संघटनेचा अध्यक्ष होता नट रोनाल्ड रेगन, जो स्वतः एमसीएचाच ग्राहक होता. हो, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला तोच. नटाच्या बाजूने भांडणारा आणि नटाला कामावर ठेवणारा एकच असेल तर नटाचं भलं कोण बघणार, हा प्रश्न दहा वर्षं धुमसत राहिला. १९६२ मध्ये एमसीए युनिव्हर्सल स्टुडिओ ताब्यात घेऊ लागली, तेव्हा अमेरिकी सरकारने मध्ये पडून सांगितलं की स्टुडिओ ठेवा किंवा एजन्सी ठेवा, दोन्ही नाही. वॉसरमनने स्टुडिओ ठेवला आणि एजन्सी एका फटक्यात बंद झाली.

भारतात असा नियम तेव्हा नव्हता. इथे हा धंदाच नवा होता, नियम कोण करणार? क्रिकेट मंडळ, सरकारी चॅनेल, खासगी चॅनेल, दलाल आणि खेळाडू सगळे एकमेकांच्या ताटात जेवत होते. १९९८ मध्ये ढाक्यात झालेल्या आयसीसीच्या स्पर्धेचं दूरदर्शनवरचं प्रक्षेपण, त्याचे हक्क कसे दिले गेले, यावरून सीबीआयची चौकशीही लागली. चौकशी म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही. पण प्रक्षेपण हक्कांच्या बाजारात तेव्हा हिशेब किती धूसर होते, ते कळायला ती पुरेशी आहे. त्याच स्पर्धेत सचिनने ऑस्ट्रेलियाविरुद्ध १४१ धावा काढून वर ४ बळी घेतले होते. टीव्हीपुढे बसलेल्यांना तेवढंच दिसलं.

सचिनचं यात नुकसान झालं का? आकडे तरी तसं सांगत नाहीत. आणि त्यानेही तसं कधी म्हटलं नाही. आपल्या आत्मचरित्रात त्याने मार्कबद्दल जिव्हाळ्यानेच लिहिलं आहे. दुसरी बाजूही बघायला हवी. मार्कच्या आधी खेळाडूच्या वतीने असा भाव करणारं क्वचितच कुणी होतं. दोन खुर्च्यांवर बसलेला एजंट आणि एजंटच नसणं, यातून निवडायचं तर बावीस वर्षांच्या पोराने काय निवडावं?

आकडे सुटत गेले

पाच वर्षं संपली आणि व्यापाऱ्याचा अंदाज खरा ठरला. २००१ मध्ये वर्ल्डटेलने सचिनशी पुन्हा पाच वर्षांचा करार केला, या वेळी साधारण ८० कोटींचा. त्याच वर्षी ३१ मार्चला इंदूरमध्ये सचिन एकदिवसीय सामन्यांत १० हजार धावा करणारा पहिला फलंदाज झाला होता. एमआरएफ, पेप्सी, बूस्ट होतेच, त्यात आदिदास आणि फियाट पॅलिओ गाडी आली.

दरम्यान ज्या बाजाराचं कुलूप मार्कने उघडलं, त्यात त्याच्याहून मोठे गिऱ्हाईक शिरले. २००० साली आयसीसीने दोन विश्वचषकांसह २००७ पर्यंतच्या आपल्या स्पर्धांचे हक्क ५५ कोटी डॉलरला विकले. घेणारं वर्ल्डटेल नव्हतं. १ कोटी डॉलरची बोली वेडेपणाची वाटली होती त्याला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. सुरुवात करून देणाऱ्याच्या हातून बाजार असा सुटतो, हे कापसापासून केबलपर्यंत सगळीकडे घडतं.

२७ जानेवारी २००२

इंग्लंडचा संघ एकदिवसीय मालिका खेळायला भारतात आला होता. २५ तारखेला चेन्नईचा सामना झाला, पुढचा २८ ला कानपूरला होता. मधल्या दिवशी, २७ जानेवारीला, नागपूरजवळ मार्कच्या गाडीला अपघात झाला आणि त्यात तो गेला.

दुसऱ्या दिवशी सचिन कानपूरला सलामीला उतरला. धुक्यामुळे सामना ३९ षटकांचा झाला होता. इंग्लंडच्या २१८ धावांचा पाठलाग करताना सेहवागने ८२ धावा काढल्या आणि सचिन ८७ वर नाबाद राहिला. भारत आठ गडी राखून जिंकला. अडीच वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हाही तो असाच इंग्लंडमध्ये परत येऊन केनियाविरुद्ध नाबाद १४० खेळला होता. ती खेळी सगळ्यांना आठवते. कानपूरची फारशी कुणाला आठवत नाही, कारण त्या दिवशी कोण गेलं होतं हेच लोकांना माहीत नव्हतं.

एजंटच्या कामाचं हेच आहे. त्याने नीट काम केलं तर पडद्यावर तो दिसतच नाही.

मार्कनंतर

वर्ल्डटेलशी सचिनचा करार २००६ पर्यंत चालला. मग त्याने सात्ची अँड सात्चीच्या आयकॉनिक्स या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला. या वेळी आकडा होता १८० कोटी. १९९५ मध्ये महिन्याला ५० लाख, आता महिन्याला ५ कोटी.

सचिनच्या मागून आलेल्या खेळाडूंना हा रस्ता तयार मिळाला. धोनीला, कोहलीला एजन्सीने करारबद्ध करणं ही आता बातमीसुद्धा राहिलेली नाही. आयपीएलमध्ये पहिला हंगाम नीट गेलेल्या विशीतल्या पोराच्या मागेही एजन्सीचा माणूस फोन घेऊन फिरतो. इन्स्टाग्रामवर चार रील चालले की गावातल्या पोराला 'कोलॅब'चा मेसेज येतो, त्या मेसेजमागेही कुणीतरी टक्केवारीवरचा माणूसच असतो. तिथे करारात कशाची हमी आहे आणि आपण काय सोडून देतोय, हे वाचून बघणारे थोडे.

आणि ज्याच्यावर मार्कने तो पहिला उक्ता सौदा केला होता, त्याने निवृत्तीनंतर, २०१६ साली, स्वतःचीच व्यवस्थापन कंपनी काढली. एसआरटी स्पोर्ट्स मॅनेजमेंट. सचिनच्या नावाचे सौदे आता तिथून होतात. तंबाखू आणि दारू त्यात अजूनही नाही.